हीटिंगच्या आधी उदबत्ती लावा

ऑक्टोबर लागला की आमच्या इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच विषय चालतात, फराळाची ऑर्डर कोण घेतंय आणि घर गरम करायचं हीटिंग लावलं का. दुसऱ्या विषयात तर चढाओढच असते, कोणीतरी लिहितं आम्ही अजून नाही लावलं, मग दुसरा लिहितो आम्ही तर दिवाळीपर्यंत लावतच नाही, आणि तिसरी कोणीतरी हळूच विचारते की मग तुमच्याकडे सगळे शिंकतायत का. मला या शर्यतीत काडीचा इंटरेस्ट नाही. घर गारठवून पैसे वाचवणं म्हणजे उपास करून किराणा वाचवण्यातला प्रकार. जागतिक आरोग्य संघटना सांगते की थंड देशांत घरातलं तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, आणि घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याहून जरा जास्तच ठेवा. तर घर गरमच ठेवायचं, फक्त त्यासाठी जाळलेला गॅस रस्त्यावर जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्यासाठी लागतात ती बरीचशी कामं शंभरेक पाउंडांच्या आत होतात.

आम्ही राहतो रेडिंगला, १९३० च्या दशकातल्या सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजाऱ्यांना जोडलेल्या घरात. पुढे गोलसर बे विंडो, खाली लाकडी फळ्यांची जमीन, हॉलमध्ये बंद पडलेली फायरप्लेस, म्हणजे इंग्लंडमधल्या लाखो घरांसारखंच एक. ही घरं बांधली तेव्हा प्रत्येक खोलीत कोळसा जळायचा, त्यामुळे हवा आत-बाहेर खेळती राहावी हाच हेतू होता, बॉयलरमध्ये पाणी तापवून ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवणारं सेंट्रल हीटिंग नंतर आलं. म्हणजे आपण जिथे गरम हवा कोंडायला बघतो ते घर मुळात हवा जाऊ देण्यासाठी बांधलंय.

आधी रेटचं बोलू, कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज. ऑफजेम, म्हणजे गॅस-विजेच्या कंपन्यांवर लक्ष ठेवणारी संस्था, तिची जी प्राइस कॅप (दराची कमाल मर्यादा) आहे ती तुमच्या बिलावर नसते! बातम्यांमध्ये जो आकडा सांगतात तो साधारण एवढा-एवढा वापर करणाऱ्या घराचा असतो, कॅप असते युनिटच्या रेटवर आणि रोजच्या ठरावीक आकारावर, म्हणजे स्टँडिंग चार्जवर, आणि ती दर तीन महिन्यांनी बदलते, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. तुम्ही जास्त जाळलंत तर बिल जास्तच येणार. २०२१ च्या हिवाळ्यात हा साधारण घराचा आकडा १,२७७ पाउंड होता आणि पुढच्याच हिवाळ्यात सरकारने मध्ये पडून तो २,५०० वर रोखला, नाहीतर साडेतीन हजारांच्या वर चालला होता, त्या वर्षी आमच्या ग्रुपवर पहिल्यांदा पुरुषमंडळीसुद्धा लाइट बंद करायला लागली हे मी स्वतः बघितलंय.

दुसरी गोष्ट, विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या जवळपास चौपट महाग असतं. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानात थंडीच्या सुरुवातीला दाराशीच रचून ठेवलेले ते छोटे फॅन हीटर बघून हात पुढे होत नाही. दोन किलोवॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो म्हणजे पन्नासेक पेन्स गेले, आणि इतका वेळ लावून गरम काय होतं तर एक कोपरा. त्याच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, सगळे इलेक्ट्रिक हीटर एका युनिटमधून सारखीच उष्णता काढतात, महागडा आणि स्वस्तातला यात तो फरक नसतोच. हां, इलेक्ट्रिक ब्लँकेट मात्र वेगळी गोष्ट, ती शंभर वॅटच्या आसपास असते, झोपण्याआधी अर्धा तास लावली की अंथरूण उबदार आणि खर्च एक-दोन पेन्स. सासूबाईंना पहिल्यांदा दिली तेव्हा त्या म्हणाल्या "अगं विजेवर कोण झोपतं का," आणि मग कराडला परत जाताना विचारत होत्या तिथे मिळते का.

तर आता उदबत्ती, फटी शोधायला. जोरदार वारा सुटलेला दिवस निवडा, घरातल्या सगळ्या खिडक्या लावा, पंखे बंद, उदबत्ती पेटवा आणि खिडकीच्या चौकटीच्या कडेने, दाराच्या खालून, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याशी असते ती पट्टी) वरच्या आणि खालच्या रेघेने, प्लगच्या सॉकेटजवळून, लॉफ्टच्या, म्हणजे छपराखालच्या माळ्याच्या, झाकणाखालून हळूहळू फिरवा. पडद्यांपासून जरा लांब धरा. धूर सरळ वर जात असेल तर तिथे काही नाही. धूर मोडला, आडवा झाला, खोलीत ढकलला गेला की तिथून वारा येतोय, आणि फटीत ओढला गेला तर तिथून तुमची गरम हवा बाहेर जातेय. मी खडूने खुणा करत गेले. मुलगा मागून स्टिकर लावत होता. आमची सगळ्यात मोठी फट मला वाटत होती पुढच्या दाराला असेल, पण फायरप्लेससमोर उदबत्ती धरली आणि धुराची रेघ खाली वाकून सरळ आत गेली, एकदम ताठ, जणू कोणी दोरा धरून ओढतंय. वर चिमणी सताड उघडी! म्हणजे वर्षानुवर्षं हॉलमधली गरम हवा रात्रंदिवस छपरावरून आकाशात.

यावर उपाय म्हणजे चिमणीत बसवायचा फुगा मिळतो, किंवा मेंढीच्या लोकरीची जाड चकती मिळते दांड्याला लावलेली, ती खालून वर सरकवून घट्ट बसवायची. आम्ही चकतीवाली घेतली, एक तर लोकर थोडी हवा जाऊ देते त्यामुळे चिमणी आतून ओली होत नाही, आणि दुसरं म्हणजे आमच्याकडच्या घोंगडीच्या लोकांना लोकरीवर जरा जास्त विश्वास असतो. फायरप्लेसवर चिठ्ठी मात्र चिकटवा की आत चकती आहे, उद्या घर भाड्याने दिलं आणि कोणी हौसेने लाकडं पेटवली तर धूर घरात येईल. आणि हे फक्त बंद पडलेल्या फायरप्लेसचं सांगतेय, तिथे गॅस फायर, म्हणजे गॅसवर जळणारी शेकोटी असेल तर त्याची चिमणी कधीही बंद करायची नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो आणि त्या वायूला वासही नसतो. अलार्म पंधरा-वीस पाउंडांना येतो, नसेल तर आजच घ्या, पैसे वाचवायच्या यादीत हा खर्च धरायचा नाही.

जमिनीचं श्रेय सासूबाईंना. दिवाळीला आल्या होत्या, सोफ्यावर पाय वर घेऊन बसायच्या आणि रोज तेच, "दार लावलंय ना गं? मग माझ्या पायाला गार कुठनं लागतंय?" मी म्हटलं अहो आई, खाली फळ्या आहेत, त्यांच्या खाली पोकळ आहे, आणि बाहेरच्या भिंतीला खाली ज्या भोकांच्या विटा दिसतात ना त्यातून वारा मुद्दाम आत सोडलेला असतो, लाकूड कुजू नये म्हणून. त्या म्हणाल्या "मग बुजव की ती भोकं." तर ती बुजवायची नाहीत, हे लिहून ठेवा. एअरब्रिक बंद केल्या की जमिनीखालची लाकडं ओली राहून सडतात आणि मग जे बिल येतं त्यात पुढची वीस वर्षं हीटिंग झालं असतं. बुजवायच्या त्या आतल्या फटी, म्हणजे दोन फळ्यांमधल्या आणि स्कर्टिंगच्या खालच्या. स्कर्टिंगला लवचीक फिलर भरला, फळ्यांमध्ये दाबून बसवायची रबरासारखी पट्टी मिळते ती दाबली, कंटाळवाणं काम आहे, गुडघे दुखतात, पण एका शनिवार-रविवारात होतं आणि त्यावर गालिचा टाकला की विषय संपला.

दाराखालच्या फटींना सासूबाईंनी स्वतःच हात घातला. मुलाच्या जुन्या जीन्सचे पाय कापले, त्यात चिंध्या आणि फाटके मोजे ठासून भरले, दोन्ही टोकं गोधडीच्या दोऱ्याने शिवली, असे दोन लांबच लांब अजगर तयार झाले, एक पुढच्या दाराशी आणि एक जिन्याखालच्या कपाटाशी. पुढच्या दाराला जाड पडदा लावला. दारातल्या लेटरबॉक्सच्या फटीला आतून ब्रशची पट्टी, कुलपाच्या भोकाला सरकतं झाकण, खिडक्यांना चिकटपट्टीचा फोम. फोम स्वस्तातला घेतला तर एका सीझनमध्ये चपटा होतो, रबराची पट्टी थोडी महाग पण टिकते.

खिडक्यांवरून आठवलं, दारावर येणारे सेल्समन. दर सप्टेंबरला एक जण येतो आणि सांगतो तुमच्या सगळ्या खिडक्या बदलायला झाल्यात, आज सही केली तर निम्म्या किमतीत. डबल ग्लेझिंगच्या दोन काचांमध्ये आतून धुकं धरलं असेल तर तेवढंच काचेचं युनिट बदलून मिळतं, चौकट तीच राहते आणि खर्च कितीतरी कमी येतो, हे तो सेल्समन सांगणार नाही. खिडकी नीट लागत नसेल तर बऱ्याचदा बिजागरी ढिली किंवा रबर कडक झालेलं असतं. सिंगल काच असेल तर चौकटीवर ताणून लावायची पारदर्शक फिल्म येते, हेअर ड्रायरने गरम केली की टाइट होते, दिसायला बरी आणि एक हिवाळा आरामात निघतो. आणि दुसरा एक सेल्समन येतो छपराला आतून फोम फवारतो म्हणणारा, त्याला चहासुद्धा विचारू नका. तसा फोम मारलेल्या घरांवर बरेच लेंडर मॉर्गेज द्यायला तयार होत नाहीत, विकताना लोकांना तो खरवडून काढावा लागलाय.

लॉफ्टचं थोडक्यात सांगते. ऊब धरून ठेवणाऱ्या इन्सुलेशनच्या लोकरीचा २७० मिलिमीटर जाड थर हवा, पट्टी घेऊन वर चढा आणि मोजा, जुन्या घरात बऱ्याचदा शंभरच असतो, मग त्याच्यावर आडवा दुसरा थर टाकायचा. छपराच्या कडेला हवेची जागा मोकळी सोडायची, मास्क आणि हातमोजे घालायचे, झाकणाच्या वरच्या बाजूलाही तुकडा चिकटवायचा. बॅगा, पितळेची भांडी आणि "लागतील कधीतरी" म्हणून ठेवलेली खोकी त्या लोकरीवर दाबून ठेवू नका, दबली की तिचा उपयोग जातो.

भिंतींसाठी बाहेर जाऊन विटा बघा. सगळ्या विटा लांबट बाजूनेच लावलेल्या दिसल्या तर बहुतेक मध्ये पोकळी आहे, आणि एक लांब एक आखूड असं दिसलं तर भिंत भरीव आहे. पोकळी भरून घेता येते, पण भिंतीवर पावसाचा मारा असेल किंवा ओल असेल तर आधी नीट सर्व्हे. भरीव भिंतीचं काम महागडं, ते घर उघडायला काढाल तेव्हाच.

आता बॉयलर. इथे एक पैसाही न घालता फायदा होतो आणि तरी कोणी हात लावत नाही. २००५ पासून इंग्लंडमध्ये जे गॅस बॉयलर बसतात ते जवळपास सगळे कंडेन्सिंग असतात. म्हणजे काय, तर गॅस जळताना जी वाफ तयार होते ती धुराड्यातून बाहेर जाऊ न देता तिचं पाणी करून तिच्यातली उष्णता परत घ्यायची. पण वाफेचं पाणी होण्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. आणि बसवून देणारा माणूस बॉयलर ७५-८० वर सेट करून निघून जातो कारण मग "घर तापत नाही" म्हणून त्याला फोन येत नाही. पैसे कंडेन्सिंग बॉयलरचे भरलेत आणि तो कंडेन्स करतच नाही!

तर बॉयलरवर दोन चित्रं असतात, एक नळाचं, एक रेडिएटरचं. रेडिएटरवालं बटण ६० वर आणायचं, बास. गॅस सहा ते आठ टक्के कमी लागतो असा अंदाज सांगतात. रेडिएटर हाताला आधीसारखा चटका देणार नाही, घर तापायला जरा वेळ लागेल, म्हणून टायमर अर्धा तास आधी लावायचा, आणि फारच कडाका पडला तर चार-पाच अंश वाढवायचे. हे कॉम्बी बॉयलरसाठी, म्हणजे ज्याला टाकी नसते आणि नळ सोडला की तेव्हाच पाणी तापवतो. घरात गरम पाण्याचा सिलिंडर असेल तर मात्र जपून, कारण टाकीतलं पाणी ६० अंशांना तापलंच पाहिजे नाहीतर लिजनेला नावाचे जंतू वाढतात, तिथे ६५ च्या खाली जाऊ नका, आणि शंका असेल तर सर्व्हिसिंगला येणाऱ्या गॅस सेफ रजिस्टरवाल्या (गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेल्या) माणसाला विचारा.

रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकलीये. हीटिंग बंद, रेडिएटर गार झालेला, वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनी खिट्टीला किल्ली लावायची, खाली जुनं फडकं धरायचं, पाव फेरा फिरवला की फुस्स होतं, मग काळपट पाण्याचा थेंब आला की लगेच बंद. सगळे झाले की बॉयलरचा दाबाचा काटा बघा, एक ते दीड बारच्या मध्ये हवा, कमी झाला असेल तर पाणी भरून घ्या. आणि ते सोफे जरा पुढे ओढा हो. आपल्याकडे हॉलमध्ये पाहुणे बसणार म्हणून तीन सीटर सोफा बरोबर रेडिएटरला टेकवलेला असतो, मग सगळी ऊब सोफ्याच्या पाठीला. लांब पडदे रेडिएटरच्या पुढे सोडायचे नाहीत, मागे खोचायचे.

आता जे आपल्या घरांत खरंच जास्त होतं त्याबद्दल, ओल. चार माणसं श्वास घेतायत, सकाळी लागोपाठ अंघोळी, कुकरच्या शिट्ट्या, दिवसातून चारदा चहा, आणि धुतलेले कपडे रेडिएटरवर वाळत. मशिनभर कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. ते जातं कुठे, तर घरातली सगळ्यात गार जागा शोधून तिथे बसतं, म्हणजे खिडकीची काच आणि उत्तरेकडच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटाची पाठ. जानेवारीत कपाट सरकवलं की काळी बुरशी. आणि फटी बुजवल्यावर हे वाढतं, कारण आधी तो वाराच ओल घेऊन जात होता. म्हणून फटी बुजवण्याची आणि ओल बाहेर काढण्याची कामं जोडीनेच करायची.

मी हे सांगितलं की लोक म्हणतात बाहेर तर पाऊस पडतोय, खिडकी उघडली तर अजून ओल येईल. मुंबईच्या जुलैत ते खरं आहे, इथल्या डिसेंबरात नाही. पाच अंशांची हवा कितीही दमट वाटली तरी तिच्यात पाणी मावतंच थोडं, ती घरात येऊन १९ अंशांना तापली की एकदम कोरडी होते. म्हणून सकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि बंद करायच्या. हवा बदलते, भिंतींची आणि फर्निचरची ऊब तशीच राहते त्यामुळे घर लगेच परत तापतं. दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. बाथरूमचा पंखा अंघोळीनंतरही पंधरा मिनिटं चालू राहू दे, पातेल्यावर झाकण ठेवा, फोडणी घालताना चिमणीचा पंखा लावा (आणि तो हवा खरंच बाहेर टाकतो की जाळीतून फिरवून परत किचनमध्येच सोडतो ते एकदा बघा), कपाट भिंतीपासून हातभर नाही तरी चार बोटं लांब ठेवा.

कपडे एकाच खोलीत, दार लावून, डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र) लावून वाळवायचे. तो दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतो, टंबल ड्रायरपेक्षा खूपच कमी, आणि घेतलेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. संध्याकाळी त्याची टाकी ओतताना सासूबाई रोज आश्चर्याने बघायच्या, "एवढं पाणी आपण श्वासातनं घेत होतो का गं?" दहा पाउंडांचं आर्द्रतेचं छोटं मीटर ठेवा, ६० च्या वर सतत राहत असेल तर काहीतरी करायला हवं.

आणि ज्यांची डिसेंबरची पुण्या-मुंबईची तिकिटं बुक आहेत त्यांच्यासाठी. घर बंद करून जाताना हीटिंग पूर्ण बंद करू नका. महिनाभराचा गॅस वाचेल आणि एक पाइप फुटला तर छत खाली येईल. थर्मोस्टॅट दहा-बारावर ठेवा, लॉफ्टचं झाकण जरा उघडं ठेवा म्हणजे वरच्या टाकीला थोडी ऊब मिळते, आणि इन्शुरन्सची कागदपत्रं वाचा, बऱ्याच पॉलिसीत थंडीत घर रिकामं असताना किमान किती तापमान ठेवायचं किंवा पाणी बंद करायचं ते लिहिलेलं असतं, तसं केलं नसेल तर क्लेम नाकारतात. स्टॉपकॉक, म्हणजे घरातलं सगळं पाणी बंद करायचा मुख्य नळ, कुठे आहे ते माहीत करून घ्या, बहुतेक किचनच्या सिंकखाली असतो, आणि तो फिरतो का तेही बघा. बागेतला नळ आतून बंद करून रिकामा करा.

बॉयलरमधून बाहेर येणारा एक पातळ प्लॅस्टिकचा पाइप असतो, वर सांगितलेलं वाफेचं पाणी त्यातून जातं. २०१८ च्या मार्चमध्ये तो बर्फाळ वारा आला होता तेव्हा कित्येक घरांचे बॉयलर एवढ्याच कारणाने बंद पडले, पाइपमध्ये बर्फ. बॉयलर गुडगुड आवाज करतो आणि बंद होतो. इंजिनिअरची दोन दिवसांची वेटिंग लिस्ट असते, तोवर बाहेरच्या पाइपवर कोमट पाणी ओता, उकळतं नको, पाइप तडकतो, मग बॉयलर रीसेट करा. आमच्या पाइपला मी आत्ताच फोमचं वेष्टण घातलंय, टोकाला चिकटपट्टी कमी पडली तिथे सासूबाईंच्या दोऱ्याने बांधलंय.